मॉरिशसचे खरे राखणदार



मी कामगार चळवळीतला माणूस. भांडवल म्हटले की ते घातले कोणी, हे मी आधी विचारतो. मॉरिशसचे पर्यटन उभे आहे ते शांत, निळ्या पाण्यावर. बेटाभोवतीचा प्रवाळाचा बांध लाटा अडवतो, म्हणून ते पाणी शांत. हे भांडवल हॉटेलवाल्याचे नव्हे, निसर्गाचे.

पण ते राखतो कोण? १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेले गेले. पुढे त्यांत कोकणातले आपले लोकही होते. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ जहाज तिथल्या प्रवाळावर चढले. पुढे सुमारे हजार टन तेल सांडले. करोनामुळे परदेशी पाहुणे येत नव्हते. तेव्हा हजारो बेटवासीयांनी उसाचे पाचट कापडात भरून शिवले आणि त्याचे तरंगते बांध तेलाच्या आड घातले. पणजोबांनी घाम गाळला, त्याच पिकाचे पाचट कामी आले!

म्हणून माझे म्हणणे एवढेच : किनाऱ्यावर काय बांधावे, हे ठरवताना कोळ्याला, नावाड्याला, हॉटेलातल्या खोल्या झाडणाऱ्या बाईला बैठकीत जागा हवी. संकटात जे पाण्यात उतरतात, त्यांना नफ्याच्या वेळी दाराबाहेर ठेवणे हा न्याय नव्हे.