दात्याचा सत्कार आणि वाचकाची सवड



ग्रंथालयासाठी निधी जमवावयाचा म्हटले, की दात्याच्या गळ्यात हार पडावयाचाच. पडू द्या, आम्ही जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांतच शिकलो. पण हार घालताना हिशेबही पाहावा.

अँड्र्यू कार्नेगीने जगभर २,५०० वर ग्रंथालये बांधून दिली. पोरवयात तो कर्नल अँडरसन यांच्या संग्रहातून पुस्तके नेई. १९०४ साली त्याने त्यांचे स्मारक उभारले. ही कृतज्ञता खरी. पण १८९२ साली त्याच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कामगारांची संघटना मोडण्यात आली, माणसे मेली. आणि १८९८ साली तेथेच त्याचे ग्रंथालय उघडले. १२ तास भट्टीपुढे राबणारा माणूस तेथे वाचणार केव्हा?

त्याची एक अट मात्र शहाणपणाची होती. इमारतीचा पैसा त्याचा. पण जागा गावाने द्यावयाची आणि देणगीच्या दहाव्या हिश्श्याइतका खर्चही दरसाल गावानेच करावयाचा. म्हणजे दाता एकदा देतो, गाव दरसाल देते!

तेव्हा सत्काराच्या व्यासपीठावर दात्याशेजारी एक खुर्ची कर भरणाऱ्या सामान्य माणसाचीही असावी. आणि कामगार सुटल्यावर वाचनालयाचे दार उघडे असावे. दात्याचा खरा मान तोच.