मोजके बोला, पण गप्प राहू नका



तारेचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शब्द मोजण्याची सवय आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे ‘आई आजारी, लगेच ये’ एवढ्यावरच मजकूर संपे. लग्नकार्याच्या, सणावाराच्या शुभेच्छांना तर तार खात्याने क्रमांकच देऊन ठेवले होते. आपण फॉर्मवर क्रमांक लिहायचा. तारेतून तेवढाच क्रमांक जायचा आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पूर्ण वाक्य होऊन ते घरपोच व्हायचे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तिचे शहाणपण मात्र बंद झाले नाही. आज ते समुद्रातल्या नौकांवर बसवलेल्या यंत्रांच्या कामी येते आहे.

आमच्या श्रीवर्धनच्या जीवना बंदरातून नौका बाहेर पडली आणि बरीच आत गेली की मोबाइल मुका होतो. मग आधार वायरलेसचा किंवा उपग्रहाचा. या वाटा अरुंद आहेत. वाटेच्या या रुंदीलाच तंत्रज्ञ ‘बँडविड्थ’ म्हणतात. बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरीबोट आठवा. तिच्यावर गाड्या ठरावीकच मावतात. एकाने ट्रकभर सामान चढवले तर दहाजण धक्क्यावर उरतात. उपग्रहाचेही तसेच आहे. हजारो नौका एकाच वेळी बोलणार असतील तर प्रत्येकीने बेताने बोलावे लागते.

बेताने म्हणजे किती? मोठ्या जहाजांवर ‘एआयएस’ नावाचे यंत्र असते. आपण कुठे आहोत, कोणत्या दिशेला, किती वेगाने चाललो आहोत, हे ते आसपासच्या सर्वांना सांगत राहते. जागा सांगणारा त्याचा एक संदेश १६८ बिटांचा, म्हणजे २१ बाइटांचा असतो. गंमत पाहा, युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीने संगणकात ‘श्रीवर्धन’ हा एक शब्द देवनागरीत लिहिला तर २७ बाइट लागतात! आमच्या गावाच्या नावापेक्षा कमी जागेत एका जहाजाचा ठावठिकाणा मावतो.

हे साधते कसे? पहिली युक्ती तारेचीच, नावाऐवजी क्रमांक. प्रत्येक जहाजाला नऊ आकडी ओळख असते. भारतीय जहाजांची ४१९ ने सुरू होते. जहाजाचे नाव, लांबी-रुंदी या न बदलणाऱ्या गोष्टी दर संदेशात येत नाहीत, त्या सहा मिनिटांनी एकदा सांगितल्या जातात. दुसरी युक्ती, हालचाल असेल तसे बोलणे. जहाज नांगरून पडले असेल तर ते तीन मिनिटांनी एकदा बोलते. संथ चालले असेल तर दहा सेकंदांनी, भरधाव असेल तर दोन सेकंदांनी. जे जागचे हलत नाही त्याने सारखे ‘मी इथेच, मी इथेच’ कशाला ओरडायचे?

तिसरी युक्ती मुशायऱ्याला जाणाऱ्यांना चटकन समजेल. गझलेचा रदीफ एकदा कानात बसला की पुढच्या शेरांत शायर काफियाशी पोचतो न पोचतो, तोच सभागृह रदीफ पुरा करते. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते सांगायची गरजच उरत नाही. आमच्या समुद्रात फिरणाऱ्या नौकेचे अक्षांश १८ च्या आणि रेखांश ७२-७३ च्या आसपासच असणार. ते पुन्हा पुन्हा पाठवण्यापेक्षा आधीच्या जागेपासून ती किती सरकली तेवढाच फरक पाठवावा. अंशानंतर चार दशांश स्थळे दिली तर अकरा मीटरपर्यंतचा नेमकेपणा मिळतो. नौका शोधायला तेवढा पुष्कळ झाला. त्यापुढचे आकडे म्हणजे वाटेवरची नुसती गर्दी.

जमिनीवरही हाच हिशेब चालतो. मोटारीच्या काचेवरचा ‘फास्टॅग’ ही आरएफआयडीची पट्टी. नाक्यावर ती आपली ओळख सांगते आणि हिशेब दूरच्या संगणकात होतो. अशी पट्टी वाचणारे यंत्र तीच पट्टी सेकंदाला अनेकदा वाचू शकते. उद्या मासळीच्या क्रेटांना अशा पट्ट्या लावल्या आणि बर्फाच्या खोलीतल्या यंत्राने प्रत्येक वाचन पुढे कळवले, तर एकच क्रेट दिवसभरात हजारो वेळा बातमी होईल. शहाणे यंत्र दोनच गोष्टी कळवील. क्रेट आत आला आणि क्रेट बाहेर गेला. खोलीच्या तापमानाचेही तसेच. मर्यादेत आहे तोवर अधूनमधून, मर्यादा ओलांडली की तत्काळ.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे ते कळवते. त्यामागे उपग्रहाने टिपलेले समुद्राचे तापमान आणि पाण्याचा रंग यांची प्रचंड माहिती असते. तांडेलाकडे मात्र दिशा, अंतर आणि खोली एवढेच पोचते. चित्र किनाऱ्यावर राहते, निष्कर्ष समुद्रात जातो.

इथवर काटकसरीचे कौतुक झाले. आता तिचा धोकाही सांगितला पाहिजे. बदल झाला तरच बोलायचे असे ठरवले, तर मौनाचे दोन अर्थ होतात. सगळे ठीक आहे, हा एक. यंत्र पाण्याखाली गेले, हा दुसरा. घरी वाट पाहणाऱ्या बाईला या दोन अर्थांतला फरक कोण सांगणार? म्हणून कितीही काटकसर करा, ठरावीक वेळाने ‘मी आहे’ एवढा एक संदेश गेलाच पाहिजे. नाडीसारखा. तो चुकला की किनाऱ्याने कोणी विचारण्याची वाट न पाहता शोध सुरू करावा.

उत्तराचेही असेच आहे. इस्रोने संकटात सापडलेल्या मच्छीमारांसाठी केलेले ‘डॅट’ हे यंत्र २०१० पासून वापरात आहे. बटण दाबले की उपग्रहामार्फत नौकेची ओळख आणि जागा नियंत्रण केंद्राला कळते आणि तिथून तटरक्षक दलाला. पण आपली हाक पोचली की नाही, हे बटण दाबणाऱ्याला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ‘हाक पोचली’ हे उत्तर परत येते. बुडत्याला धीर देणारे ते चार बिट वाचवण्यात कसले शहाणपण?

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. अशा वेळी क्षीण झालेल्या जाळ्यातून फोटो जात नाही, बोलणे तुटते, पण छोटा संदेश जाण्याची शक्यता बरीच अधिक असते. एका साध्या एसएमएसमध्ये मराठीची सत्तर अक्षरचिन्हे मावतात. ‘सगळे सुखरूप’ म्हणायला तेवढी खूप झाली.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख मच्छीमार नौकांवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. १९९३ साली आमच्या तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटके उतरली, २००८ साली ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका पळवून हल्लेखोर मुंबईजवळ आले. तेव्हा समुद्रात कोण आहे, हे सरकारने विचारणे रास्तच. पण मासळीची जागा हे तांडेलाचे पिढीजात गुपित असते, तीच त्याची मिळकत. सुरक्षेला जेवढे लागते तेवढेच पाठवले, तर वाटही मोकळी राहील आणि गुपितही जपले जाईल.

म्हणून नाखवांना, तांडेलांना माझी विनंती आहे. यंत्र बसवायला माणूस आला की त्याला तीन प्रश्न जरूर विचारा. हे किती वेळाने बोलते? ते गप्प झाले तर किनाऱ्यावर कोणाला आणि किती वेळात कळते? आणि माझी हाक पोचली, हे मला कसे समजते? उत्तरे थोडक्यात मिळाली तरी चालतील. पण मिळाली पाहिजेत.