आधी गूळपाणी





आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या देतात. नाव, गाव, कामधाम त्यानंतर विचारतात. बाहेर नावनोंदणीच्या टेबलाशी आज तेच ठेवलं आहे. गूळ इथलाच, शिरोळकडच्या गुऱ्हाळातला. पाणी काल रात्री खळखळून उकळून निववलं आहे. परिषद यकृताच्या विकारांची आहे आणि गाव कोल्हापूर आहे, म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगतो. 1981 साली याच शहरात नळाच्या पाण्यातून काविळीची साथ आली होती.

शहराचा इतिहास, अंबाबाईचं देऊळ, शाहू महाराजांचं कार्य, हे सगळं स्मरणिकेत छापलं आहे. ते आपण सवडीनं वाचालच. मला मिळालेली मिनिटं मी एका डॉक्टरांच्या कामाबद्दल बोलण्यात घालवणार आहे. ते काश्मीरचे, डॉ. मोहम्मद सुलतान खुरू. पोटाच्या विकारांचे डॉक्टर, पुढे श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेचे संचालक. हेपॅटायटिस ई या आजाराची जगाला पहिली नीट ओळख झाली ती त्यांच्या हातून.

नोव्हेंबर 1978. काश्मीर खोऱ्यात गुलमर्गच्या पायथ्याकडच्या गावांतून काविळीचे रुग्ण येऊ लागले, ते एप्रिलपर्यंत येतच राहिले. सुमारे दोनशे गावं, सहा लाखांच्या आसपास वस्ती. पुढे अंदाज निघाला तो असा : सुमारे 52,000 लोकांना कावीळ आणि 1,700 मृत्यू. या गावांना एकमेकांशी बांधणारा धागा पाण्याचा होता. डोंगरातून उतरणारं पाणी लोक प्यायचे आणि त्याच पाण्यात घाणही मिसळायची.

त्या काळात काविळीचे विषाणू दोनच माहीत होते, ए आणि बी. रक्त दिल्यानंतर होणारी आणखी एक कावीळ होती, तिला ‘नॉन-ए नॉन-बी’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. पाण्यातून साथ आली की ती ए, हे सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. पण खुरूंना ते पटेना. आपल्या देशात हेपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. ताप-उलटीवर निभावतो, पुष्कळदा आईलाही कळत नाही, आणि त्यानंतर तो माणूस जन्मभर सुरक्षित राहतो. मग इथे मुलांना सोडून धडधाकट तरुण माणसं का पडत होती? रक्त तपासलं तेव्हा ए ची जुनी प्रतिपिंडं सापडली, नव्या संसर्गाची खूण मात्र नाही. बी देखील नाही.

आता मी ज्या भागाशी थांबणार आहे, तो विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन ऐकावा.

वॉर्डात गरोदर बाया दगावत होत्या. पण वॉर्डात दिसतं त्यावर किती विश्वास ठेवायचा? घरची माणसं गरोदर बाईला लवकर दवाखान्यात आणतात, म्हणून तिथे त्या जास्त दिसत असतील, असंही कुणी म्हणू शकलं असतं. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो. दवाखान्यात येतो तो अंश, आणि छेद गावात, घराघरांत राहतो. छेद हातात नसेल तर वरच्या आकड्याला अर्थ नाही. खुरू आणि त्यांचे सहकारी हा छेद आणायला घरोघर गेले. त्यांनी 16,620 माणसांची पाहणी केली. त्यांतल्या 275 जणांना कावीळ झालेली निघाली.

मग वेगवेगळे रकाने पाडले. गरोदर स्त्रिया 208, त्यांतल्या 36 जणींना कावीळ. म्हणजे शंभरात सतराहून जास्त. त्याच वयाच्या पण गरोदर नसलेल्या स्त्रिया 3,350, कावीळ 71 जणींना, शंभरात दोन. पुरुष 3,822, कावीळ 107 जणांना. शंभरात तीनही नाहीत. यकृत अचानक निकामी होऊन शुद्ध हरपण्यापर्यंत मजल गेली ती 36 गरोदर स्त्रियांपैकी आठ जणींची, आणि आठही शेवटच्या तीन महिन्यांतल्या. गरोदर नसलेल्या 71 जणींपैकी एकीचीही नाही. हा निबंध 1981 साली अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच नियतकालिकात साथीचा निबंध आला होता. माणसाला होणारा काविळीचा आणखी एक विषाणू असावा, ही शक्यता खुरूंनी त्याच्या शीर्षकातच मांडली होती. विषाणू त्यांनी पाहिला नव्हता. तो असलाच पाहिजे, हे त्यांनी घरं मोजून सांगितलं.

आपल्या महाराष्ट्राचा भाग इथे येतो. ज्या हिवाळ्यात खुरू काश्मीरच्या गावांत फिरत होते, त्याच 1978-79 मध्ये पुण्यातही काविळीची साथ होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तेव्हा डॉ. खोरशेद पावरी होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबरोबर पुणे, अहमदाबाद आणि दिल्ली इथल्या साथींतली रक्तद्रवं तपासली. दिल्लीची साथ होती 1955-56 ची. यमुनेच्या पुरानंतर मैल्याचं पाणी वझीराबादच्या जलकेंद्रापर्यंत चढलं, तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवला, त्यामुळे विषमज्वर उसळला नाही; पण काही आठवड्यांत 29,300 लोक पिवळे झाले. पंचवीस वर्षं सगळ्या पुस्तकांत ती साथ हेपॅटायटिस ए ची म्हणून शिकवली गेली. जपून ठेवलेल्या त्या नमुन्यांनी 1980 साली सांगितलं की ती ए नव्हती. म्हणजे एकाच वर्षी काश्मीरच्या घराघरांतून आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतून, एकमेकांपासून स्वतंत्र, एकच उत्तर आलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

पुढची हकिकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला, त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. 1988 मध्ये डॉ. विद्या अरणकल्ले आणि पुण्यातल्या सहकाऱ्यांचा अशाच कणांवरचा निबंध लॅन्सेटमध्ये आला. 1990 मध्ये जनुकीय तुकडा हाती लागला आणि ‘ई’ हे अक्षर पक्कं झालं.

खुरू मात्र त्या गावांना विसरले नाहीत. चौदा वर्षांनी ते त्याच माणसांकडे परत गेले, पुन्हा रक्त घेतलं, आणि जवळपास निम्म्या लोकांत अजून प्रतिपिंडं आहेत हे दाखवलं. आजारी आईकडून पोटातल्या बाळाला हा विषाणू जातो, हे 1995 साली त्यांनीच लॅन्सेटमध्ये मांडलं. त्यांचं बाकीचं कामही रुग्णाच्या खाटेपाशीच सुरू झालेलं. पित्तनलिकेत शिरणारे जंत; यकृतातल्या हायडॅटिड गाठी पोट न उघडता सुईनं रिकाम्या करणं; जठरव्रणातून रक्त जात असताना द्यायचं ओमेप्राझोल. शेवटच्या दोन विषयांवरचे निबंध 1997 या एकाच वर्षात न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आले, आणि ते काम श्रीनगरला झालं होतं. त्या वर्षांत काश्मीरची परिस्थिती काय होती, हे आपण जाणता.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्यावाचून हे भाषण पुरं होणार नाही.

1981 च्या साथीत मी इथल्याच एका रुग्णालयात नवशिका डॉक्टर होतो. एक पहिलटकरीण आली. आठवा महिना. बाळंतपणासाठी माहेरी आलेली, ओटी भरून आठ-दहा दिवसही झाले नव्हते. आईनं आधी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवून घेतली होती, कुणीतरी नाकात देवडांगरीचा रस पिळला होता, रोज उसाचा रस सुरू होता, आणि तो बर्फ घातलेला. आणली तेव्हा ती आईला ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. बाळही गेलं. मी केसपेपरवर ‘संसर्गजन्य कावीळ’ असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

खुरूंचा निबंध मी वाचला तो त्यानंतर काही वर्षांनी, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या साथीत आमच्या वॉर्डात किती गरोदर बाया आल्या, कितव्या महिन्यात होत्या, किती वाचल्या, यातलं काहीही मी लिहून ठेवलेलं नव्हतं. आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात लेकीला माहेरी आणतात; म्हणजे ज्या महिन्यांत हा आजार सगळ्यांत घातक, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्या तोंडचं पाणी बदलतं. हा प्रश्न मला तेव्हा सुचला असता, तर विचारायला माणसं समोर बसलेली होती. पुण्याच्या संस्थेनं आमच्या साथीचा अभ्यास केला, तो 1984 साली प्रसिद्धही झाला. माझ्या खाटांवरची माहिती मात्र माझ्याबरोबरच राहिली.

त्यानंतर 2012 साली इथून तासाभराच्या अंतरावर इचलकरंजीत हेपॅटायटिस ई ची मोठी साथ आली. विषाणूचं नाव आता माहीत होतं, तपासणी होती. चीनमध्ये तर ई विरुद्धची लस आदल्या वर्षीच मंजूर झाली होती. 2022 मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंटियूच्या छावणीत ती साथीच्या काळात पहिल्यांदा दिली गेली, गरोदर स्त्रियांनाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. ती इथे हवी का, कुणाला आणि कधी द्यावी, गर्भारपणातच हा विषाणू इतका उग्र का होतो, यावर उद्या दुपारचं पूर्ण सत्र ठेवलं आहे. ते सत्र शेवटच्या दिवसाच्या परतीच्या घाईत जाऊ नये, म्हणून मी संयोजकांशी भांडून ते उद्यावर आणलं. आपण सगळ्यांनी त्याला थांबावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणखी एक. आपल्या पिशवीत स्मरणिकेबरोबर एक साधी, रेघा मारलेली वही आहे. तिच्या पहिल्या पानावर रकाने छापून घेतले आहेत : वय, गरोदर असल्यास महिना, घरी येणारं पाणी कुठलं, माहेरचं की सासरचं, घरात आणखी कुणी आजारी, पुढे काय झालं. तालुक्याच्या गावी एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरलाही भरता येईल, एवढीच ती आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर या वह्या परत मागवण्याची जबाबदारी आमच्या समितीनं घेतली आहे. पोस्टाचा खर्च आमचा.

भोजनव्यवस्था मागच्या मंडपात आहे. पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक पिंपावर ते केव्हा उकळलं त्याची वेळ लिहिली आहे. कुठे लिहिलेली नसेल तर ते पाणी घेऊ नका, आणि मला येऊन सांगा. मी तिन्ही दिवस इथेच, दारापाशी आहे.

कोल्हापूरकरांच्या वतीनं आपलं स्वागत करतो, आणि परिषदेच्या अध्यक्षांना स्थानापन्न होण्याची विनंती करतो.