देवाचे घर आणि माणसाचे घर

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. गावाने वर्गणी दिली, श्रमदान केले. नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबईस गेलेल्यांनीही सढळ हाताने देणग्या पाठविल्या. ही गोष्ट गौरवाची खरीच. परंतु याच मंगल प्रसंगी दुसऱ्या एका वास्तूचाही विचार व्हावयास हवा. मंदिरापासून चार पावलांवर कुलूप लागलेले वाडे आहेत. कवेलू फुटले आहेत, भिंतीत पिंपळ रुजला आहे आणि एखाद्या दारावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी लागली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील हे जुने वाडे पांढऱ्या मातीचे आणि इथल्याच जंगलातील सागवानाचे. काळ्या शेतातल्या कापसाने ते उभे केले. मूर्तिजापूर-यवतमाळ रेल्वे आली, तीही मुख्यतः कापसासाठीच. वेचणी सुरू झाली की खोल्या आढ्यापर्यंत कापसाने भरत आणि पोरेसोरे त्यावर लोळत. ओसरीवर तंटे मिटत, माजघरात बाळंतपणे होत, पोळ्याला दारात बैल ओवाळले जात. देवळातील उत्सवाचा शिधा याच घरांतून निघे.

घर विकणे हे पाप नव्हे. आजारपण, नापिकी, कर्ज, मुलांचे शिक्षण, अडचण कोणाला चुकली आहे? रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडच्या साने कुटुंबावर सावकाराच्या कर्जापायी जप्तीची वेळ आली. त्या घरातील मातेचे दुःख सानेगुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहून काढले. ते ‘श्यामची आई’ या पुस्तकातून घरोघरी पोहोचले. पुढे याच सानेगुरुजींनी, पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषण केले आणि ते दार उघडले. घराचे दार बंद होणे म्हणजे काय, हे त्यांना लहानपणीच कळले होते.

घराच्या दाराबाबत कायदाही बदलला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, भावांनी वाटणी केल्याखेरीज मुलीला वडिलांच्या राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. २००५ साली ते कलम रद्द झाले. मृत्युपत्र नसेल तर, वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकावयास काढल्यास तो घेण्याचा पहिला हक्क त्याच्या सहवारसांचा, हे कलम मात्र कायम आहे. तरीही पुष्कळ घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिला विचारले जात नाही.

म्हणून नम्र सूचना एवढीच. पाटी लावण्यापूर्वी भावाबहिणींनी एकदा त्या ओसरीवर एकत्र बसावे. कोणास ठेवणे शक्य असेल तर त्यास प्रथम द्यावे. नाइलाजाने विकावेच लागले, तर जुने कागद, फोटो आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या हकिगती आधी वहीत उतरवून घ्याव्यात. देवघरातील टाक उघड्यावर पडू देऊ नयेत.

देवळाला कळस चढला. आता वर्षातून एकदा, यात्रेच्या दिवशी तरी, बंद वाड्यांची कुलुपे निघावीत, अंगणात सडा पडावा आणि चूल पेटावी. देवाला त्याहून मोठी देणगी कोणती?