पेटीतला बिननावाचा रोल ओढू नका



दिवाळी जवळ आली की आपण पेट्या उपसतो. उसाला जायचं तर त्याआधी घर आवरून ठेवावं लागतं. अशा वेळी पेटीच्या तळाशी कधी अंगठ्याएवढी पत्र्याची डबी सापडते. कॅमेऱ्यातला जुना रोल. कुणाचा, कधीचा, काहीच लिहिलेलं नसतं. मग पोरं काय करतात? आतली पट्टी ओढतात आणि उजेडाला धरून बघतात. न धुतलेल्या रोलवर उजेड पडला की आतले फोटो कायमचे गेले.

आपल्याकडं कितीतरी आया, सासवा अशा गेल्या, की त्यांचा फोटो म्हणजे फक्त मतदान कार्डावरचा. लग्नात, बारशात हसताना काढलेला एखादा त्या डबीत असू शकतो. म्हणून आज रोल ओळखायचा कसा, ते सांगते.

आधी बघा, पट्टी धुतलेली आहे का. पट्टीच्या आरपार दिसतं, चेहरे काळे आणि केस पांढरे दिसतात, तर ती निगेटिव्ह. तिला उजेडाची भीती नाही. तिच्या कडेला बारीक अक्षरात फिल्मचं नाव आणि फोटोचे आकडे असतात. पाण्याचा, बोटांचा डाग लागू देऊ नका. तिच्यावरून आजही फोटो निघतात.

पट्टी डबीतच असेल तर तिचं टोक बघा. जिभेसारखं बाहेर असेल, तर बहुधा रोल कोरा. टोक पूर्ण आत गेलं असेल, तर बहुधा फोटो काढलेले. बहुधा म्हणते, कारण काही जण रोल भरल्यावरही टोक बाहेर ठेवत. टोक कुठंही असो, ओढायचं नाही.

मग डबी वाचा. 'सी-४१' लिहिलं असेल तर बहुधा रंगीत. चंदेरी-काळे चौकोन असतील तर रोल १९८३ नंतरचा, कारण ती खूण त्या साली आली. 'इंदू' हे आपल्याच देशातलं नाव. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचं. डबीऐवजी कागदात गुंडाळलेला जाड रोल असेल, तर तो बहुधा १२० नंबरचा. पूर्वीच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात तोच लागे, बारा फोटो निघत. त्याच्या चिकटपट्टीवर इंग्रजीत 'एक्स्पोज्ड' असेल तर फोटो काढलेले आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोल रंगीत की काळा-पांढरा, हे कळलंच नाही, तर दुकानदाराला सांगा, "काळ्या-पांढऱ्याच्या पाण्यात धुवा." रंगीत रोल त्यात धुतला तर रंग जातात, पण चेहरा राहतो. साधा काळा-पांढरा रोल रंगीतच्या पाण्यात टाकला, तर पट्टी कोरी निघते. मग काही उपाय नाही. असे रोल धुणारे आता थोडेच उरलेत, ते पुण्या-मुंबईकडं. आधी फोनवर विचारा, पैसे ठरवा. गटातल्या सगळ्यांचे रोल एकत्र पाठवले तर कुरिअरचा खर्चही वाटून जातो.

तोवर रोल घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या गार, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पत्र्याखालच्या फळीवर नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी असते. डब्यात चिठ्ठी टाका: कुणाच्या पेटीत सापडला, घरात कॅमेरा कधी होता, कुणाचं लग्न त्या सुमारास झालं. म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारा.

अमेरिकेत व्हिव्हियन मायर नावाची बाई लोकांची मुलं सांभाळायची. २००९ साली ती वारली. तिचे शेकडो रोल न धुतलेले निघाले. ते कुणी उजेडात ओढले नाहीत, म्हणून आज जग तिचे फोटो बघतं.

सगळ्याच रोलमधून काही निघेल असं नाही. उष्णतेनं काही धूसर झालेले असतील. पण पुढच्या मासिक बैठकीत बचतीची वही झाली की एक प्रश्न विचारा: कुणाच्या पेटीत रोल आहे का? उत्तर वहीत लिहून ठेवा.