पायी पाहिलेले नाशिक

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मंडळात आजवर मी हिशेब लिहिले, सतरंज्या मोजल्या, हळदीकुंकवाची वाणे आणली. व्यासपीठावर उभी राहण्याची वेळ आली नव्हती. पण मागच्या महिन्यात सहज बोलता बोलता मी म्हणाले, “रोम पाहून आले आणि मग नाशिक पाहायला निघाले,” आणि चिटणीसबाईंनी तेवढे वाक्य पकडून माझे नाव आजच्या कार्यक्रमात घातले. तेव्हा दोष त्यांचा आणि चुकले तर ते माझे, असे समजून ऐकावे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त इटलीत आहे. तिच्याकडे मी तीन आठवडे रोमला राहिले. ती सकाळी कामावर जाई आणि मी एकटी. पहिले दोन दिवस खिडकीशी बसून काढले. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, “आई, हे गाव मोटारीतून दिसत नाही. पायांत बूट घाल आणि नदीच्या पलीकडे जा.” नदी म्हणजे टायबर, आणि पलीकडची जुनी वस्ती म्हणजे त्रास्तेव्हेरे. त्या नावाचा अर्थच ‘टायबरच्या पलीकडचे’ असा आहे. मला एकदम आपली पंचवटी आठवली. आपणही ‘पलीकडे जाऊन येते’ म्हणतो, ते गंगेच्या पलीकडेच ना!

त्या गल्ल्यांतून मी रोज फिरू लागले. रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे, मोटार जेमतेम जाईल इतके अरुंद. अलीकडच्या तीरावर तर गल्ल्यांची नावे धंद्यांवरून पडलेली. कोणी टोप्या करणाऱ्यांची, कोणी पेट्या करणाऱ्यांची, कोणी जपमाळा करणाऱ्यांची. धंदे केव्हाच गेले, नावे राहिली. वाटेत ठिकठिकाणी लोखंडी नळकोंडाळी आहेत. त्यांतून पाणी सतत वाहते. त्या नळाची तोटी वाकड्या नाकासारखी म्हणून लोक त्याला ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. शूर्पणखेच्या नाकावरून ज्या गावाचे नाव पडले असे आपण सांगतो, त्या गावची बाई परदेशात पाणी प्यायली तेही नाकातूनच! मला हसू आवरेना.

मुलीच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. मुलगी दुभाषी होऊन आमच्या गप्पा चालत. त्यांनी एकदा विचारले, “तुमचे गाव कसे आहे?” मी राम-सीता सांगितले, सिंहस्थ सांगितला, द्राक्षे सांगितली. मग त्यांनी विचारले, “तुम्ही राहायचा कुठे?” मी म्हटले, लग्न होऊन आले ती दहीपुलाजवळच्या वाड्यात. मुलीने नावाचा अर्थ सांगितला. बाई म्हणाल्या, “पूल आहे, तर त्याच्याखाली नदी कोणती?”

भगिनींनो, मी गप्प बसले. बावीस वर्षे मी त्या भागात संसार केला. त्या पुलावरून रोज भाजी आणली, मुलांना शाळेत पोचवले. पुलाखाली काय आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

परत आल्यावर मी माझ्या दोन मैत्रिणींना गाठले आणि आम्ही दर मंगळवारी सकाळी साडेसहाला जुन्या गावात जाऊ लागलो. नियम दोनच केले. रिक्षा करायची नाही, आणि देवळात गेलो तरी नुसते दर्शन घेऊन परतायचे नाही.

पहिला मंगळवार अर्थातच दहीपुलाचा. एका जुन्या दुकानदारांनी उत्तर दिले ते इतक्या सहजपणे, की मला माझीच लाज वाटली. “सरस्वती, काकू. सरस्वतीचा ओहळ इथूनच गंगेला मिळतो. आता झाकला आहे.” पुलावर दह्यादुधाचा बाजार भरे म्हणून दहीपूल. दर पावसाळ्यात दहीपूल आणि सराफ बाजारात पाणी का भरते, ते त्या दिवशी मला उमगले. आपण नदी झाकली. नदी आपली वाट विसरलेली नाही.

तिथून पुढे सराफ बाजार आणि सरकारवाडा. पेशवेकाळातील हा वाडा आज पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्याचे सागवानी खांब आणि त्यांवरील कोरीवकाम एकदा शांतपणे पाहा. १८४० साली स्थापन झालेले आपले सार्वजनिक वाचनालयही एके काळी याच वाड्यात होते. मग भांडी बाजार, मग तांबट आळी. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची एके काळी दूरवर ख्याती होती. माझ्या सासूबाई सांगत, की दुपारच्या झोपेला तांबट आळीतल्या ठोक्यांची इतकी सवय होती, की अमावास्येला काम बंद असले की जाग येई. आज स्टीलने ते ठोके विरळ केले आहेत. आम्हाला एका पडवीत एकच कारागीर घागरीला ठोके देताना दिसला. ठोका का देतात, तर नुसत्या देखणेपणासाठी नव्हे. ठोक्याने पत्रा आवळतो, घट्ट होतो आणि भांडे टिकते. घरात अशी चार भांडी असून हे मला माहीत नव्हते.

रोम सात टेकड्यांवर वसले, असे शाळेत आपण शिकतो. नाशिक नऊ टेकांवर वसले, असे आपली जुनी माणसे म्हणत. ते मात्र कोणी शिकवत नाही. जुनी गढी, नवी गढी, पठाणपुरा, म्हसरूळ टेक, चित्रघंटा ही त्यांतलीच नावे. मोटारीत बसलेल्याला हे चढउतार कळत नाहीत, गुडघ्यांना कळतात! दिल्ली दरवाजा, तिवंधा ही नावे आपण रोज घेतो. तिथल्या चौकांत रस्त्याखाली रंगाच्या रहाडी आहेत. वर्षभर फळ्या आणि माती टाकून त्या झाकलेल्या असतात आणि रंगपंचमीला उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिचा मान ठरलेला. आपण एरवी त्यांच्यावरून पिशव्या घेऊन चालत असतो.

तिसऱ्या का चौथ्या मंगळवारी आम्ही जुन्या गढीवर गेलो. तिला मातीची गढी म्हणतात, काझीची गढी म्हणतात. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया आणि डॉ. देव यांनी इथे उत्खनन केले. वर मराठेशाही आणि मुसलमानी अमदानीतले थर, त्यांच्याखाली सातवाहन काळातले, आणि त्याहीखाली आणखी जुन्या वस्तीच्या खुणा. म्हणजे नाशिक हे नुसते पुराणातले गाव नाही. दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणसे इथे चुली पेटवत आली आहेत, याची साक्ष त्या मातीत आहे.

मी मोठ्या उत्साहाने हे सांगत होते. गढीच्या काठाला ज्यांचे घर आहे अशी एक बाई दारात भांडी घाशीत ऐकत होती. ती म्हणाली, “ताई, तुम्ही माती बघायला येता. आम्ही पावसाळ्यात रात्री उठून भेग बघतो.” दर पावसाळ्यात गढीचा काठ नदीकडे ढासळतो. घर सोडा म्हणून सांगितले जाते. पण कुठे जायचे, हा तिचा प्रश्न आहे. तिने आम्हाला पाणी दिले, बसायला पाट दिला. पण इतिहास म्हणून जे आम्ही वर्णन करीत होतो, ते तिच्या घराखालची जमीन होती. त्या दिवशी परत येताना आम्ही तिघी फारशा बोललो नाही.

मग गंगाघाट. दुतोंड्या मारुती आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रोममध्ये एका चर्चच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा दगडी पाट्यांवर कोरून ठेवलेल्या मी पाहिल्या. १५९८ सालची खूण डोक्याच्या कितीतरी वर होती. १८७० च्या पुरानंतर त्यांनी नदीला दोन्ही बाजूंनी उंच भिंती बांधल्या. आपण खूण म्हणून मारुतीच उभा केला! गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले, की महापूर. १९६९ च्या पुरात माझ्या सासूबाई तान्ह्या मुलाला घेऊन माळ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणत, “मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे कळले, की धान्य वर न्यायचे, खांद्याला लागल्याचे कळले, की माणसे.” २००८ आणि २०१६ च्या पुरांच्या वेळी आपण हेच दूरदर्शनवर पाहत बसलो. त्यांच्याजवळ ठोकताळा होता, आपल्याजवळ नुसती चित्रे.

ती नारोशंकराची घंटा पाहून तर मला रोमच आठवले. १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या या शिवालयाच्या दारावरची घंटा पोर्तुगीज घडणीची; १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण म्हणून ती ओळखली जाते. ज्या धर्माच्या घंटा मी त्रास्तेव्हेरेत संध्याकाळी ऐकत होते, त्याच धर्माच्या लोकांची ही घंटा आपल्या गंगेवर टांगलेली आहे. जग इतके लांब नसते, भगिनींनो.

तिथून पुढे काळारामाचे देऊळ. सरदार ओढेकरांनी बांधलेले, काळ्या पाषाणाचे, भव्य. शेकडो वेळा मी तिथे गेले असेन. पण या वेळी ज्या मैत्रिणीबरोबर गेले, ती पूर्वेच्या दरवाजाशी थांबली आणि म्हणाली, “माझी आजी इथपर्यंतच आली होती.” २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला. दादासाहेब गायकवाड त्याचे एक आधारस्तंभ होते, आणि सत्याग्रहींत स्त्रियाही होत्या. दरवाजे मात्र बंद राहिले. पंधरा वर्षांची आमची मैत्री. मंडळात शेजारी बसून आम्ही पापड लाटले. ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारली नव्हती. मी पायी पायी म्हणून मिरवत होते. काही पायांना ही वाट बंद होती, हे मला त्या उंबऱ्याशी कळले.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमचा दहीपुलाजवळचा वाडा आज नाही. भाऊबंदांत वाटण्या झाल्या, एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि उरलेला उतरवावा लागला. वाड्यात राहणे सुखाचे होते, असे मी म्हणणार नाही. गळके माळे, सामाईक नळ, जिन्यात अंधार. हे ज्यांनी सोसले त्यांना नव्या घराचे मोल कळते. वाडा गेल्याचे मला तितके दुःख नाही. दुःख याचे आहे, की सासूबाईंना सगळे माहीत होते आणि मी त्यांना विचारले नाही. कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजवायला चांगले, कोणत्या घराचा माळा पुरात सुरक्षित, कोणत्या गल्लीत सुईण राहत असे. हे कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाही. १८८३ चे नाशिकचे गॅझेटिअर मी वाचनालयात बसून चाळले. त्यात देवळे आहेत, घाट आहेत, कर आहेत. आपल्या आज्या त्यात नाहीत.

आपल्याच पांडवलेण्यांत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, गौतमी बलश्री नावाच्या मातेने लेणे दान दिल्याचा मोठा शिलालेख आहे. त्यात तिने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम सांगितला आहे. दुसऱ्या एका लेण्यात दक्षमित्रा या स्त्रीच्या दानाचा लेख आहे. तेव्हाच्या बायकांची नावे दगडात कोरली गेली. आपण साध्या वहीतही चार ओळी लिहीत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक मंगळवार आपण जुन्या गावातील एक गल्ली पायी पाहावी. तिथल्या सत्तरीच्या पुढच्या एका तरी बाईशी बसून बोलावे. तिला चार प्रश्न विचारावेत: इथे पाणी कुठून येई? पूर कुठवर आला होता? या गल्लीत कोणकोणते धंदे होते? आणि तुम्हाला कुठे जायला बंदी होती? उत्तरे तिच्याच शब्दांत वहीत लिहावीत. गढीवरच्या बाईचे बोलणेही त्या वहीत यावे, आणि ज्यांच्या हाती त्या काठाची सोय आहे त्यांच्यापर्यंत आपण ते पोचवावे. वही मंडळाच्या कपाटात राहील. खर्च एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा. तो मी हिशेबात धरलेला आहे.

रोमच्या त्या आजींना मी पत्र लिहिले. पुलाखालच्या नदीचे नाव सरस्वती, असे कळवले. त्यांचे उत्तर आले, “आणि पुढे काय कळले?” त्या प्रश्नाचे उत्तर आपण सगळ्या मिळून देऊ.

पुढच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला दुतोंड्या मारुतीपाशी जमावे. पायांत चांगल्या वहाणा असाव्यात, आणि ज्यांच्या सासूबाई किंवा आई हयात आहेत त्यांनी निघण्यापूर्वी त्यांना एक प्रश्न विचारून यावे.