तान्ह्या बाळाचा पासपोर्ट

भोईवाड्याजवळ, परळला, 1926 सालापासून वाडिया प्रसूतिगृह आहे. तिथं जन्मलेल्या बाळाला परदेशी न्यायचं, तर विमानाच्या तिकिटाआधी कागदपत्रं लागतात. महिन्याच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आईच्या पासपोर्टवर काम भागत नाही.

आणि घोळ होतो तो नावाचा. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती बहुधा नावाविनाच होते, कारण आपलं बारसं व्हायचं असतं! नाव ठरलं की महापालिकेच्या विभाग कार्यालयात ते दाखल्यावर चढवून घ्या. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त हाच दाखला चालतो. आत्याबाईंनी नाव ठरवायला वेळ लावला, तर पासपोर्टही थांबला म्हणून समजा. मग व्हिसा, तोही बाळाचा वेगळा.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसतं, पण तिकीट काढावंच लागतं. पाळणा हवा असेल तर आधीच कळवा. विमान उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा बाळाला अंगावर पाजा, गिळताना कान मोकळे होतात. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच तारीख ठरवा.